तिफणीची चौकट

आमच्या बदनापूर भागात लग्नाचा आहेर म्हणजे आधी धोतर-लुगडं, मग टोपी-टॉवेल आणि आता फ्रिज-कूलर. मी पुतणीला जो आहेर दिला तो यात कुठंच बसत नाही. तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, सागाच्या फळीत करवतीनं कापलेला चेहरा मी तिला दिला. पण ही हकिकत सुतारापासून सांगावी लागंल.

जुन्या गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांतला. नांगर, वखर, तिफण, बैलगाडी, सगळं त्याच्या हातचं. पेरणीच्या तोंडावर त्याच्या अंगणात औतांची रांग लागायची. वर्षभराच्या कामाचं बलुतं खळ्यावर धान्यात मिळायचं. घरात लग्न निघालं की पाट-चौरंगही तोच करायचा.

१९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला आणि सुताराचं एकेक काम लोखंडाकडं जायला लागलं. आमच्या घरी नांगर लोखंडी झाला, तरी तिफण बाभळीचीच राहिली. पुढं पेरणी ट्रॅक्टरनं व्हायला लागली, तेव्हा तीही गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली.

सुताराकडं एक काम मात्र नव्यानं आलं, तसबिरीच्या चौकटीचं. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर गेली. भिंतीवर देव आले, माणसं मात्र लई उशिरा आली. निजामाच्या राजवटीत हयात घालवलेल्या माझ्या आज्याचा एकही फोटो नाही. भावाचा एकच होता, कर्जाच्या अर्जासाठी काढलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा. पुतणी दोन वर्षांची असताना त्याला शेतात पान लागलं. तिला बाप आठवतच नाही.

तिचं लग्न ठरलं तसा मी तो फोटो घेऊन आमच्या सुतारमामाकडं गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस. म्हणला, "पाटील, मशीनवर कापून घ्या की. जालन्याला एका तासात मिळंल."

"मामा, तिफण तुम्हीच भरली व्हती. हे बी तुम्हीच करा."

माळवदाच्या जुन्या दाराची सागाची फळी रंधून दोन सूत जाडीची केली. फोटो झेरॉक्सवर मोठा करून खळीनं फळीवर चिकटवला. चेहऱ्यावर जिथं जिथं सावली, भुवया, मिशा, डोळे, तेवढंच कापून काढायचं आणि मागून काळं कापड लावायचं. करवत धनुष्यासारखी, पातं सुतळीहून बारीक. आधी भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं, कमानीला ताणून बांधायचं, मग कापायचं. एक तुकडा निघाला की पातं सोडून पुढच्या भोकात ओवायचं. कापताना करवत उभी ठेवायची आणि वळणावर फळी फिरवायची.

यातली खरी मेख वेगळीच. मधला कोणताही भाग चारी बाजूंनी सुटला की गळून पडतो. म्हणून प्रत्येक तुकड्याला कुठंतरी एक बारीक दांडी ठेवावी लागते. बुबुळातला उजेडाचा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा, तो पापणीला धरून ठेवायचा. मी हौसेनं करवत हातात घेतली आणि नेमकी तीच दांडी कापली. डोळा फुटल्यासारखं झालं. चार दिवसांचं काम वाया गेलं. मामा काहीच बोलला नाही. दुसरी फळी काढली आणि मला काचपेपर घासायला बसवलं.

चौकटीसाठी मी आढ्यावरची तिफण खाली काढली. तिच्या दिंडाच्या चार पट्ट्या काढल्या. जुनी बाभूळ, करवतीला दोनदा धार लावावी लागली. वरून घरच्या जवसाचं तेल चोळलं.

घरात कुरबूर झाली. मोठी वहिनी म्हणली, "लग्नात मेलेल्या माणसाचा फोटो? अपशकुन व्हतो." मी म्हणलो, "वहिनी, देवक बसवताना पूर्वजांची आठवण करायची चाल आपलीच हाय. मग बापालाच काहून टाळायचं?" शेवटी मधला मार्ग निघाला. मांडवात नाही, पण पाठवणीच्या आधी घरात द्यायचा.

दिला. तिनं बराच वेळ बघितलं. मग चौकटीवर बोट फिरवलं. एका पट्टीच्या कडेला अर्धं भोक राहून गेलं होतं. मामानं ते मुद्दाम बुजवलं नव्हतं.

"तात्या, हे भोक कशाचं?"

"फण बसवायचं. तुझा बाप हिच्यानंच पेरायचा."

तिनं चौकट पदराखाली घेतली आणि गाडीत बसताना कुणाच्या हातात दिली नाही.