माशांच्या क्वारंटाइनचे खरे कूळ

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा मासा सोडण्याआधी त्याला काही आठवडे वेगळे ठेवतात. या रिवाजाचे कूळ हमखास दुब्रोव्हनिकला नेऊन पोचवले जाते. तेव्हा रगुसा म्हणवणाऱ्या या बंदराने १३७७ मध्ये प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस मर्कान बेटावर किंवा त्साव्हतातला थांबायला लावले. पुढे तिसाचे चाळीस झाले. नाव या परंपरेतून आले, हे खरेच. पण पद्धतही तिथलीच, हे मला पटत नाही. माशांच्या विलगीकरणाचा एक अतिशय खात्रीचा प्रकार बंदराच्या नियमाच्या नेमका उलट चालतो, आणि त्याची जवळची भावकी सापडते ती दख्खनच्या माळावर.

अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीचे वर्णन जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये केले. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव ब्राउन यांनी १९५१ मध्ये दिले. त्याचा जीवनक्रमच इथे महत्त्वाचा आहे. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस पोसतो, मग मासा सोडून तळाला किंवा काचेला चिकटतो आणि कोष करतो. कोषातून काही दिवसांनी, कधी कित्येक आठवड्यांनी, शेकडो पिल्ले बाहेर पडतात. त्यांना सुमारे एका दिवसात मासा सापडला नाही तर ती मरतात. समुद्रात बहुतेकांना तो सापडत नाही. टाकीत मात्र तोच मासा पुन्हा पुन्हा समोर येतो. म्हणजे दुब्रोव्हनिकसारखे माशाला एका जागी नुसते थांबवले, तर दिवस परजीवीच्या बाजूने मोजले जातात. बेटावरचा प्रवासी महिन्याभरात मरे किंवा बरा होई. टाकीत रोग वाढत जातो, नाहीतर कल्ल्यांत दबून राहतो आणि मासा निरोगी दिसतो. अशा थांबण्याने मोठी टाकी काही काळ वाचते, एवढेच.

यावर दुसरा पक्ष म्हणतो की वेगळी टाकी हे तांब्याचे अपत्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये ऊडिनियम या दुसऱ्या परजीवीवर मोरचूद वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. तांबे प्रवाळांना आणि कोळंबीला मारते, चुनखडीची वाळू ते शोषून घेते. म्हणून उपचाराला उघडी, रिकामी टाकी हवी. हा युक्तिवाद भक्कम आहे. पण त्यातून उपचार कुठे करायचा ते कळते; रोग दिसण्याआधीच, प्रत्येक नव्या माशावर का करायचा, ते कळत नाही. शिवाय तांबेसुद्धा अंगावरच्या किंवा कोषातल्या अवस्थेला नव्हे, मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांनाच गाठते. म्हणजे औषधही त्या जीवनक्रमाच्या वेळापत्रकावरच चालते.

ते वेळापत्रक औषधाविना वापरले ते इलातच्या कोलोर्नी यांनी. १९८७ मध्ये त्यांनी सांगितलेली रीत अशी: मासा दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवायचा, आणि असे चार वेळा करायचे. अंगावरून गळालेले परजीवी मागच्या टाकीत कोष करून राहतात, पिल्ले बाहेर पडण्याआधी ती टाकी रिकामी होऊन वाळते, आणि मासा पुढे गेलेला असतो. इथे पाहुण्याला डांबत नाहीत, जागा टाकून देतात. १८९६ नंतरच्या प्लेगात दख्खनच्या गावांनी हेच केले: उंदीर मरू लागले की घरे ओस टाकून माणसे माळावर झोपड्यांत जात. उंदीर आणि पिसवा घरातच राहत, माणसे त्यांच्या टप्प्याबाहेर जात. कोलोर्नींनी हे माळावरून उचलले असे माझे म्हणणे नाही. रोगाचा मुक्काम कुठे आहे हे ओळखून मुक्काम हलवण्याचा विचार मात्र दोन्हीकडे एकच आहे.

आक्षेप येईल तो ब्रुकलिनेलाचा. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या माशांवरून १९७० मध्ये वर्णिलेला हा परजीवी विदूषक माशांना फार छळतो आणि टाक्या बदलून जात नाही. तो माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो, तळाला कोष करत नाही, म्हणून प्रत्येक नव्या टाकीत माशाबरोबरच उतरतो. तिथे फॉर्मालिनचे स्नानच लागते. पण हा अपवाद माझ्याच बाजूने बोलतो: रोगाचा मुक्काम अंगावरच असेल, तर जागा सोडून उपयोग नाही. देवीच्या साथीत अख्खे गाव माळावर गेले असते तरी रोग माणसांच्या अंगावरून त्यांच्याबरोबरच गेला असता.