मासे निसटू नयेत म्हणून

जॉन्सटाउन, पेनसिल्व्हेनिया. शुक्रवार, ३१ मे १८८९.

सकाळ. रात्रभर कोसळलेल्या पावसानं शहराच्या वरच्या अंगाला असलेलं साउथ फोर्कचं तळं मातीच्या बांधाच्या माथ्याला भिडत चाललंय. सरकारनं हा बांध कालव्याला पाणी पुरवायला घातला. रेल्वे आली, कालवा मोडीत निघाला, बांध खासगी झाला. एका मालकानं तळाशी असलेले पाणी सोडायचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ पासून बांध पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबकडे आहे. कार्नेगी आणि फ्रिक हे त्याचे सभासद. त्यांना तळं हवंय ते गळ टाकून बसायला. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा छाटून रुंद केलाय. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या. १८८० मध्ये जॉन्सटाउनच्या लोखंड कारखान्याच्या इंजिनिअरनं पाहणी करून क्लबला धोका कळवला होता. तुम्हाला काही धोका नाही, असं उत्तर आलं.

सुमारे ११. जाळ्यांत ओंडके नि पालापाचोळा अडकून सांडवा तुंबलाय. मजूर दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खणतायत, पण जमीन कठीण. कडेनं बांध आपणच फोडावा का, हा विचार क्लबच्या तरुण इंजिनिअरच्या, जॉन पार्कच्या, मनात येऊन जातो. पण दुसऱ्याचा बांध फोडायचा आणि खालच्या गावांचं पाप माथी घ्यायचं, हे कोण करणार? तो घोड्यावरून तार करायला धावतो. तार जॉन्सटाउनला पोहोचतेही. ‘धरण फुटणार’ ही आवई मात्र तिथं वर्षानुवर्षं ऐकलेली. कोणी मनावर घेत नाही.

दीड. थकलेले मजूर हात टेकतात.

२:५० नंतर. बांध फुटतो. अंदाजे दोन कोटी टन पाणी दरीत घुसतं.

वाटेत रेल्वेपुलापाशी राडारोडा साचून पाणी क्षणभर थबकतं आणि मग पूल घेऊनच निघतं. ईस्ट कोनमॉच्या वर जॉन हेस हा इंजिनचालक शिटी बांधून ठेवतो आणि ती वाजती ठेवून इंजिन गावाकडे मागं हाकतो. अनेक जण त्या आवाजानं डोंगरावर पळाले.

४:०७. जॉन्सटाउन. दहाएक मिनिटांत बहुतेक शहर संपतं. दगडी पुलाशी अडकलेल्या ढिगाऱ्याला पुढं आग लागते. पुरातून वाचलेली माणसं तिथं जळून मरतात.

मृत २,२०९, त्यांतल्या ७७७ जणांची ओळखही पटली नाही. कोर्टात ही ईश्वरी करणी ठरली. कार्नेगीनं शहराला नवं वाचनालय बांधून दिलं. क्लबकडून भरपाई मिळवण्यात मात्र कोणाचाही दावा यशस्वी झाला नाही.