पदक आणि पद

बक्षीस लावून नाटक लिहून घेता येते काय? आणि घेतलेच, तर ते लोकांच्या ओठांवर बसते काय? फराळाच्या ताटाशी बसून हा प्रश्न सोडवायचा, तर वाचकहो, आधी थोडे अमेरिकेला जाऊन यावे लागेल.

ऑपेरा म्हणजे जवळजवळ सगळेच गाऊन सादर केलेले नाटक. अमेरिकेत ते आले युरोपातून, आणि आपल्या इटालियन, जर्मन, फ्रेंच भाषांसह आले. रसिक नटूनथटून नाट्यगृहात जात आणि गाण्यांचा अर्थ हातातल्या चोपडीत शोधत! डेव्हिड बिस्फम (1857–1921) हा फिलाडेल्फियात जन्मलेला नामांकित गायक. ऑपेरा इंग्रजीत गायला जावा, असा त्याचा आग्रह. त्याच्या पश्चात शिकागोच्या 'अमेरिकन ऑपेरा सोसायटी'ने इंग्रजीत ऑपेरा रचणाऱ्या अमेरिकन संगीतकारांसाठी त्याच्या नावाचे पदक ठेवले. त्याआधी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने तर 10,000 डॉलरांचे बक्षीस लावले होते. ते 1911 मध्ये होरेशिओ पार्कर यांच्या 'मोना'ला मिळाले. मार्च 1912 मध्ये 'मोना' रंगभूमीवर आली. पार्करांच्या विद्वत्तेला टीकाकारांनी मान दिला. चार प्रयोग झाले आणि पडदा पडला तो पडलाच.

आता योगायोग पाहा. त्याच 1911 मध्ये, 12 मार्चला, मुंबईत किर्लोस्कर मंडळीने 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आणले. नाटक खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. दहा हजारांचे बक्षीस कुणी लावले नव्हते. तरी त्यातली पदे शंभर वर्षे उलटून गेल्यावरही गायली जातात, आणि 2025 मध्ये त्या नाटकावरून चित्रपटही निघाला.

म्हणून उत्तेजन व्यर्थ, असे मात्र मी म्हणणार नाही. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या मंडळींचा खेळ पाहिला आणि विष्णुदास भाव्यांना सांगितले, असे काही मराठीत करा. 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' झाले. पुढे पुण्यात सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळीचे गाणारे नाटक पाहिले आणि 31 ऑक्टोबर 1880 रोजी 'शाकुंतला'चे पहिले अंक उभे केले. पण खुबी पुढेच आहे. त्यांनी साकी, दिंडी घेतली, कीर्तनातल्या आणि कानडी चाली घेतल्या. नाटक नवे, पण सूर कानांच्या ओळखीचे! 'मोना'ला भाषा प्रेक्षकांची मिळाली. त्यांच्या घरातले सूर काही मिळाले नाहीत.

आमच्या मराठवाड्यात तर या सुरांनी एक निराळेच काम केले. सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. कचेरी उर्दूत, आणि 1918 मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. माझे आजोबा नांदेडला एका वकिलाकडे कारकून होते. हिशेब उर्दूत, अर्ज उर्दूत. त्या भाषेची गोडीही त्यांना मनापासून होती. आजी लातूरची. भावाच्या पाटीवर पाहून ती मराठी अक्षरे शिकली होती. तिच्या माहेरी 1911 मध्ये बार्शीची छोटी रेल्वे पोचली. नांदेडला हैदराबाद–मनमाड गाडी 1900 पासूनच होती. तिच्या भावाने अशाच एका प्रवासातून नाटकाच्या पदांची चोपडी आणली, ती लग्नात तिच्या पेटीतून नांदेडला आली. चकल्या पाडताना आजी पद म्हणे आणि आजोबा चोपडी धरून बसत. मराठी जोडाक्षरे त्यांनी अशी गिरवली. पुढे लेकीला सासरी लिहिलेले त्यांचे पहिले मराठी पत्र घरात कितीतरी वर्षे जपून ठेवलेले होते. राज्याने जी भाषा कचेरीच्या दाराबाहेर ठेवली, ती पदाच्या चालीवर आमच्या स्वयंपाकघरात नांदली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्या राज्याने 1954 मध्ये सुरू केलेल्या नाट्यस्पर्धेचे दार आम्हांला उघडले. कालांतराने नांदेड आणि लातूर या गावांतच स्पर्धेची केंद्रे झाली. या स्पर्धेने किती थोर नाटके दिली, याचा हिशेब टीकाकारांनी मांडावा. मला दिसते ते एवढेच, की एका पारितोषिकाच्या आशेने गावातली दहा-वीस मुले-मुली दोन महिने एखाद्या शाळेच्या खोलीत जमतात, तालमी करतात, भांडतात, शब्दांचे उच्चार घासूनपुसून घेतात. बक्षीस एकालाच मिळते. पण हरलेली मंडळीही घरी जाताना काही संवाद, काही सूर घेऊन जातात. पदकाचे खरे काम हेच असावे.

संगीत नाटक मात्र अवघड. गाणारा नट हवा, ऑर्गन-तबल्याची साथ हवी, खर्च हवा. म्हणून जुनीच नाटके पुन्हा पुन्हा होतात. त्यांचा आनंद मी दरवेळी घेतो. पण लातूरच्या मोंढ्यातली बोली आणि नांदेडच्या गोदाकाठची लकब एखाद्या नव्या पदात उतरलेली मला अजून ऐकायची आहे. त्यासाठी कुणी धनिकाने पदक ठेवले, तर जरूर ठेवावे. फक्त परीक्षकांत एक आजीबाईही बसवाव्यात. दुसऱ्या दिवशी चकल्या पाडताना त्या जे पद गुणगुणतील, त्याला पहिला क्रमांक द्यावा.