मीटर रूमची पंचवीस वर्षं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. गणेशोत्सव, सहली, वृक्षारोपण यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तेव्हा मी जिन्याखालच्या मीटर रूमवर लिहायचं ठरवलं. मी आठ वर्षं सेक्रेटरी होतो, तिची किल्ली माझ्या घरी असायची. शिवाय त्या खोलीतली एक गोष्ट मला सांगायचीच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची परवानगी घेऊनच सांगतो.

२००० साली आपण राहायला आलो तेव्हा तिथे चकतीची काळी मीटरं होती. काचेमागे ॲल्युमिनियमची चकती फिरायची आणि पोरं तिच्यावरची खूण मोजत बसायची. आत तारेची दोन वेटोळी. एक व्होल्टेजचं, दुसरं घरात जाणाऱ्या करंटचं. दोघांच्या चुंबकत्वाच्या ओढीने चकती फिरायची आणि एक कायमचं चुंबक तिला ब्रेक लावायचं, त्यामुळे जेवढी वीज तेवढाच वेग. हंगेरीतल्या गांझ कारखान्याच्या ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ साली अशा मीटरचं पेटंट घेतलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची युक्ती आपल्या जिन्याखाली गरगरत होती! त्याआधी एडिसनसाहेबांच्या न्यूयॉर्कमध्ये तर मीटर म्हणजे जस्ताच्या पट्ट्या बुडवलेली बरणी. महिन्याला माणूस यायचा, पट्टी काढून न्यायचा, तिचं वजन करायचा आणि त्यावरून बिल. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असायचा.

मग आला २६ जुलै २००५. त्या रात्री आपल्या आवारात कमरेएवढं पाणी होतं, हे नव्या मंडळींना सांगूनही खरं वाटत नाही. मीटर रूम बुडाली. चार दिवस अंधार. नंतर बोर्ड वर घेतला, चकत्या भंगारात गेल्या आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटरं आली. घाई सगळ्यांनाच होती. सोसायटीने एक वायरमन आणला, त्याने एका दिवसात सगळ्या घरांच्या वायरी जोडल्या. तो कोण, कुठला, आज कुणालाच आठवत नाही.

या मीटरांत फिरणारं काही नाही, एक लाल दिवा लुकलुकतो. त्यावर लिहिलेलं असतं, एका युनिटला ३२०० वेळा. दोन किलोवॅटचा गिझर लावला की सेकंदाला जवळजवळ दोन लुकलुकी. पुढे २००६ च्या केंद्रीय नियमांनी अशीच मीटरं सक्तीची झाली. आपल्याकडे ती वीस वर्षं गुपचूप चालली. भारनियमनाच्या काळात तर बरेच तास तीही झोपलेलीच असायची.

आता मुद्द्यावर येतो. २०२२ मध्ये काकूंचा मुलगा आणि सून परदेशी गेले. काकू एकट्या. एक पंखा, एक फ्रिज, संध्याकाळची मालिका. तरी बिल तीनशे युनिटांच्या आसपास. त्या माझ्याकडे आल्या. मी सेक्रेटरीच्या थाटात म्हटलं, "काकू, फ्रिज जुना झालाय, तोच वीज खातोय." काकूंनी नवा फ्रिज घेतला. बिल तेवढंच. मग मीटर तपासायचा अर्ज केला, फी भरली. निकाल आला : मीटर अचूक आहे. आणि ते खरंच अचूक होतं.

त्याच वर्षी मी घरी एसी बसवला आणि तरी माझं बिल निम्म्याहून खाली आलं. मी ते श्रेय एलईडी दिव्यांना दिलं. गणपतीत वीजबचतीवर वीस मिनिटं बोललोसुद्धा. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

गेल्या वर्षी स्मार्ट मीटर आले. देशभरात २५ कोटी मीटर बदलायची योजना २०२१ ची, ती आपल्या जिन्याखाली पोचायला चार वर्षं लागली. सर्वसाधारण सभेत काय रणकंदन झालं ते उपस्थितांना आठवत असेलच. "हे मीटर पळतं" हा मुख्य आरोप. मोजण्याच्या बाबतीत ते आधीच्या मीटरपेक्षा फार वेगळं नाही. व्होल्टेज आणि करंट दर सेकंदाला असंख्य वेळा टिपायचे, गुणाकार करायचा आणि बेरीज करत जायची. फरक सांगण्यात आहे. जुनं मीटर महिन्याला एक आकडा दाखवायचं, हे दर अर्ध्या तासाचा आकडा लिहून ठेवतं आणि आतल्या सिमकार्डातून, मोबाइलसारखं, कंपनीच्या सर्व्हरला कळवतं. वीज गेली तरी जाता जाता तेवढा निरोप पाठवायची त्यात सोय असते. सगळे देश सिम वापरत नाहीत. इटलीने २००१ पासून बसवलेल्या कोट्यवधी मीटरांचे आकडे विजेच्या तारेतूनच पाठवले. आपल्याकडे कोपऱ्यातल्या दोन मीटरांना लोखंडी दारामुळे रेंज मिळेना, म्हणून दाराला जाळी लावली. खर्च जमाखर्चात आहे.

ज्यांनी सभेत "आमचं घर उघडं पडेल" असं म्हटलं, त्यांचं मात्र मला तेव्हाही पटलं होतं. अर्ध्या तासाचे आकडे म्हणजे घराची डायरीच. कोण कधी उठतं, घर कधी रिकामं असतं, सगळं त्यात दिसतं. याच कारणाने नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली स्मार्ट मीटरची सक्ती अडवली होती. पण आमच्या बाबतीत ही डायरीच कामाला आली.

गौरी-गणपतीला काकू मेन स्विच बंद करून लेकीकडे नागपूरला गेल्या. नातीने मोबाइलवर ॲप घेतलं होतं. बंद घराचा आलेख बघते तर सकाळी सहाला उंच खांब, रात्री अकरापासून पुन्हा खांब. तिने मला फोन केला, "काका, आजीच्या घरात कोणीतरी राहतंय का?" मी किल्ली घेऊन वर धावलो. कुलूप जागच्या जागी. खाली मीटर रूममध्ये आलो तर काकूंच्या मीटरचा दिवा लुकलुकत होता. सकाळी सहा म्हणजे आमचा गिझर आणि रात्री अकरा म्हणजे आमचा एसी, हे डोक्यात यायला मला अर्धा तास लागला. बायकोला ओरडून सांगितलं, मेन बंद कर. काकूंचा दिवा थांबला.

२००५ च्या त्या एका दिवसात आमच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. दोन्ही घरं भरलेली होती तोवर बिलं सारखीच यायची, म्हणून वीस वर्षं कळलं नाही.

कंपनीकडे अर्ज देऊन वायरी सरळ करून घेतल्या. आधीच्या वर्षांचा हिशेब लागणं अशक्यच होतं, पण मुलगा गेल्यानंतरची दोन्ही घरांची सगळी बिलं मी रात्री बसून जुळवली. काकू परतल्यावर फरकाचा चेक आणि फ्रिजची निम्मी किंमत घेऊन गेलो. चहा झाला. काकूंनी चेक ठेवून घेतला, पाकीट परत दिलं. म्हणाल्या, "फ्रिजचं राहू द्या, तो चांगला निघालाय. पण तपासणीची फी धरलीत का?"

ती धरायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.