ओरछा दरवाजा आणि टोपीचा हिशेब

झाशीच्या जुन्या तटाला दहा दरवाजे. त्यांतला एक ओरछा दरवाजा, ओरछ्याच्या वाटेवरचा. 1857 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ओरछ्याचा दिवाण नत्थे खान फौज घेऊन झाशीवर चालून आला आणि राणी लक्ष्मीबाईंच्या माणसांकडून मार खाऊन परत गेला. पुढे एप्रिल 1858 मध्ये दुल्हाजूने फितूर होऊन हाच दरवाजा इंग्रजांना उघडून दिला, असे इथे कोणीही सांगेल. वृंदावनलाल वर्मांच्या 1946 सालच्या कादंबरीने ही गोष्ट घरोघर पोहोचवली. लष्करी नोंदींत मात्र सर ह्यू रोजचे सैनिक 3 एप्रिलला तटाला पडलेल्या खिंडारातून आणि शिड्या लावून आत शिरल्याचे आहे.

फितुरीवर पुष्कळ लिहून झाले आहे. आज काडतुसाबद्दल लिहितो. निमित्त एका मित्राचे. निवृत्तीनंतर तो अमेरिकेत मुलाकडे राहतो, तिथल्या रेंजवर 9 मिलीमीटरचे पिस्तूल चालवतो आणि आता रिकामी खोकी घरीच पुन्हा भरायला शिकणार आहे. तिकडे हा अनेकांचा छंद आहे. त्याने विचारले, "मशीन कुठली घेऊ?" मी त्याला म्हटले, मशीन नंतर, आधी झाशी बघ.

1857 साली काडतूस भरणे हा छंद नव्हता, तो रोजच्या कामाचा भाग होता. गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला कोल्ट किंवा अ‍ॅडम्स रिव्हॉल्व्हर असे. 1851 च्या नेव्ही कोल्टला सहा घरे, अ‍ॅडम्सला पाच. रिव्हॉल्व्हर लाकडी पेटीत येई आणि पेटीतच सगळा सरंजाम असे: बारुदीची कुपी, शिशाच्या गोळ्यांचा साचा, टोप्यांची डबी, निपल काढायची किल्ली आणि नळी साफ करायची सळई. कुपीचे तोंड हेच माप. बोटाने ते दाबून कुपी उलटी केली की एका बाराची बारूद नळीत येई. नवशिक्याला लागणारे सगळे त्या एका पेटीत होते. निवड चुकायला वावच नव्हता, कारण साचा त्याच रिव्हॉल्व्हरच्या मापाचा असे.

आता तटाच्या आतली बाजू बघा. वेढ्याच्या आधी राणींनी शहरात दारूगोळा तयार करायला लावला होता. सोरा, गंधक, कोळसा मिळाला की बारूद बनते. शिसे वितळवून साच्यात ओतले की गोळी बनते. वेढ्यात बायकाही तोफांवर राबत होत्या, दारूगोळा वाहत होत्या, हे शत्रूनेही नोंदवून ठेवले आहे. पण तांब्याची टोपी? तिच्यात पाऱ्याचे फुलमिनेट असते, ठोका बसला की पेटणारे. ते चुलीवर शिजवायची वस्तू नव्हे. त्याला कारखाना लागतो. म्हणून तोड्याची बंदूक जुनी असली तरी वेढ्यात उपयोगी, कारण पेटती वात कुठेही मिळते. टोपीची बंदूक नवी, पण डबी संपली की तिची काठी. जून 1857 च्या सुरुवातीला झाशीच्या शिपायांनी उठाव केला तेव्हा आधी स्टार फोर्ट घेतला. तिथे खजिना होता आणि मॅगझीनही. शिपायाला काय आधी हवे, ते बरोबर ठाऊक होते.

दीडशेहून अधिक वर्षे झाली. टोपी आता खोक्याच्या बुडात बसते, नाव प्राइमर. हिशेब तोच आहे. पितळी खोके पुन्हा वापरता येते, गोळी ओतता येते, पण प्राइमर विकतच आणावा लागतो. म्हणून मित्राला सांगितले, पहिली पाहणी खोक्याच्या बुडाची कर. आत एकच छिद्र दिसले तर तो वूलविचच्या बॉक्सरचा नमुना. डायमधली सुई जुना प्राइमर सहज ढकलून काढते. दोन छिद्रे असली तर तो बर्डनचा. सुई मोडेल, ते खोके बाजूला ठेव. गंमत अशी, की बॉक्सर इंग्रज, पण त्याचा नमुना अमेरिकेत रुजला; बर्डन अमेरिकन, तो युरोपने उचलला.

त्यानंतर तराजू आणि पुस्तक. तराजू एका ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा हवा, कारण 9 मिलीमीटरच्या खोक्यात बारूद जेमतेम चार-सहा ग्रेन, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. आकडा पुस्तकातला घ्यायचा, रेंजवरच्या शेजाऱ्याचा नाही. मग कार्बाइडच्या डाय, म्हणजे पिस्तुलाच्या खोक्याला तेल लावावे लागत नाही. लांबी मोजायला कॅलिपर. सगळ्यात शेवटी प्रेस, आणि तीही एका ओढीत एकच काम करणारी.

भराभर चालणारी मशीन सगळ्यांना आवडते. पण पिस्तुलाच्या खोक्यात अनेकदा दुप्पट बारूद मावते आणि वरून कळत नाही. पिस्तूल हातातच फुटते. उलट बारूद पडलीच नाही, तर एकटा प्राइमर गोळीला नळीत अडकवून ठेवतो आणि पुढचा राउंड मागून आला की नळी फाटते. साध्या प्रेसवर पन्नास खोकी लाकडी ठोकळ्यात ओळीने उभी करायची, गोळी बसवण्याआधी बॅटरी मारून प्रत्येकात डोकवायचे. कुपीचे तोंड जे काम करी, ते आता डोळ्यांनी करायचे.

भारतातल्या माजी सैनिकांनी हे वाचून सामान मागवू नये. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 प्रमाणे काडतुसे बनवायला परवाना लागतो, आणि पिस्तूल बाळगायचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. आपल्याकडे हे काम 1869 पासून खडकीचा आणि 1964 पासून वरणगावचा कारखाना करतो आहे. नोकरीभर आपण राउंड मोजून घेतले, खोकी मोजून परत केली. त्या प्रत्येक खोक्याच्या बुडात झाशीत न बनणारी टोपी होती, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.