परसात नवखा पक्षी दिसला? आधी शेपटी बघा

जुनी हुबळी : पाऊस सरला, थंडी पडू लागली की जुन्या हुबळीतल्या घरांच्या परसात एक नवा पाहुणा दिसू लागतो. आकाराने चिमणीएवढा. कधी कुंपणाच्या भिंतीवर, कधी कौलांच्या कडेला एकटाच बसतो, आणि बसल्या बसल्या त्याची शेपटी सारखी थरथरते. थंडीने काकडलाय किंवा आजारी आहे असं समजून त्याला पकडायला जाऊ नये. ही त्याची सवयच आहे. मराठीत म्हणूनच त्याला ‘थिरथिरा’ म्हणतात.

कुठून येतो?
थिरथिऱ्याची वीण हिमालय, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच, खडकाळ भागात होते. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून तो दख्खनच्या पठारावर उतरतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततो. हुबळी-धारवाडप्रमाणेच बेळगाव, विजापूर, कोल्हापूर, सोलापूरकडेही हिवाळ्यात तो येतो.

कसा ओळखायचा?
नराचं डोकं, पाठ आणि छाती काळसर, तर पोट नारिंगी-तांबूस. मादी मळकट तपकिरी, डोळ्याभोवती फिकट कडं. दोघांचीही शेपटी तांबूस, फक्त मधली पिसं गडद. उडताना हा तांबूस रंग चटकन नजरेत भरतो.

गफलत कुठे होते?
• चिरक : वर्षभर इथेच राहतो. नर काळा, पंखावर पांढरा पट्टा. शेपटी काळपट आणि उभी ठेवलेली. तांबूस रंग फक्त शेपटीखाली.
• दयाळ (कन्नडमध्ये मडिवाळ) : आकाराने मोठा. नर काळा-पांढरा, पंखावर लांब पांढरी पट्टी.
• धोबी : लांब शेपटी थरथरवत नाही, वर-खाली हलवतो. बहुधा पाण्याजवळ.

म्हणजे रंगावरून लगेच ठरवू नये. पक्षी केवढा, शेपटी कशी हलवतो, जमिनीवर उतरतो की झाडातच राहतो, आणि बाराही महिने दिसतो की फक्त थंडीत, एवढं टिपून ठेवावं. मोबाईलवर फोटो निघाला तर उत्तमच. सीमाभागात एकाच पक्ष्याला मराठीत एक नाव, कन्नडमध्ये दुसरं; त्यामुळे शास्त्रीय नावही लिहून ठेवलेलं बरं. थिरथिऱ्याचं ‘फिनिक्युरस ओक्रुरॉस’.

परसात काय करावं?
थिरथिरा मुख्यतः किडे, मुंग्या, कोळी खातो. त्यामुळे तांदूळ-ज्वारी टाकून फायदा नाही. परसात कीटकनाशक मारलं तर मात्र त्याचं खाणंच जातं. उथळ भांड्यात पाणी ठेवावं, मांजरावर लक्ष ठेवावं. असे रानपक्षी पकडणं किंवा पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पक्षी खरंच जखमी असेल, म्हणजे उडता येत नसेल किंवा पंख लोंबत असेल, तर वन खात्याला कळवावं. नुसती शेपटी थरथरत असेल, तर त्याला त्याच्या जागी राहू द्यावं.