धाव, दंतचक्र आणि तेल

हिंगोलीचा इतिहास सांगू लागले की लेखणी प्रथम कयाधूच्या काठी, नामदेवांच्या नर्सीस जाते, तेथून औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घेते, मग निजामाच्या फौजेची छावणी, ठगांचा बंदोबस्त आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम यांची हकिकत सांगून, 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यापाशी येऊन विसावते. हा क्रम चुकीचा नाही. परंतु ज्या चाकांवरून या मुलखातील कापूस, ज्वारी, यात्रेकरू आणि शिपाई शेदोनशे वर्षे हिंडले, ती चाके झिजल्यावर कोणी आणि कोणत्या विद्येने पुन्हा उभी केली, या प्रश्नास आमच्या इतिहासग्रंथांत एक प्रकरण काय, एक परिच्छेदही मिळालेला नाही. वेगवान मोटारीची स्वयंचलित गिअरपेटी उघडून पुन्हा जोडावयाची झाल्यास तिच्यातील काय बदलावे आणि काय तपासून ठेवावे, हा आजच्या कारागिरापुढील प्रश्न कितीही नवा भासला, तरी त्याच्या उत्तरामागील शिस्त या मातीत मोटारीच्या पुष्कळ आधीपासून नांदत आली आहे, असे मला वाटते.

हैदराबाद कंटिन्जंट या नावाने ओळखली जाणारी, निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची जी फौज होती, तिच्या प्रमुख ठाण्यांपैकी हिंगोली हे एक ठाणे 1819 पासून 1903 पर्यंत होते. याच फौजेच्या पगारापोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले, आणि हिंगोली मात्र निजामाच्याच अमलात, सरहद्दीच्या अलीकडे राहिली. छावणी म्हटली की रसदेचे गाडे आले, गाडे आले की सुतार आणि लोहार आले. शिवाय हिंगोली ही कापसाची मोठी बाजारपेठ. मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून गेल्यानंतर, हिंगोलीस स्वतःची रेल्वे येईपर्यंत, वाशीमवरून अकोल्याचे स्थानक गाठणे हा मालाचा स्वाभाविक मार्ग होता. या वाटेवरच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाक मधल्या तुंब्यापर्यंत रुतते आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीच्या भेगांवर आदळून आरे खिळखिळे होतात. तेव्हा चाकाची दुरुस्ती ही येथे शेतीइतकीच ऋतूंनी बांधलेली होती.

जुने चाक सुताराच्या दारात आले म्हणजे तो हातोडीने तुंब्यावर हलकेच ठोका मारून कान देई. निरोगी बाभळीचा नाद भरीव येतो, चीर गेलेल्या लाकडाचा फुटका. तुंबा शाबूत असेल तर तो टाकावयाचा नाही, कारण सुकून, तेल पिऊन, भार सोसून स्थिरावलेला तुंबा नव्या लाकडापेक्षा अधिक विश्वासाचा. मात्र ज्या आऱ्याचे तुंब्यातील टोक झिजले असेल तो आरा, वरून कितीही गुळगुळीत दिसो, बदललाच पाहिजे. मग परिघावरच्या लाकडी पुठ्ठ्यांचे सांधे पाहावयाचे. तेथे थोडी फट राहू देणे हे अज्ञ माणसास दोष वाटेल, परंतु ती फट हेतुपुरस्सर ठेवलेली असे, कारण शेवटी आवळली जाणारी लोखंडी धावच ती फट मिटवणार होती. लोहार चाकाचा परीघ दोरीने मोजी, ताणलेली धाव कापून परिघापेक्षा किंचित उणी भरेल अशी पुन्हा जोडी, शेणींच्या जाळात ती लाल करी, आणि तापून फुगलेली धाव चाकावर बसताक्षणी तिच्यावर पाणी ओती. लोखंड आकसे आणि सारे आरे आपापल्या जागी करकचून बसत. माप थोडे अधिक उणे धरले तर आरे वाकत, पुरेसे उणे नसले तर धाव वाटेत निखळून पडे. हे अंतर कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते हातात होते, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. आसाला वंगण घालणे हे त्यानंतरचे काम. वंगण काळे पडून त्यात लोखंडाची कणी दिसू लागली की ते पुसून नुसते नवे भरावयाचे नाही, कणी कोठून आली ते शोधावयाचे, हा त्या विद्येतला सर्वांत मौल्यवान नियम होय.

1912 मध्ये पूर्णेहून निघालेली मीटरगेज शाखा हिंगोलीस पोहोचली आणि लांबच्या मालाचे गाडे रस्त्यावरून हळूहळू कमी झाले. रेल्वेची दुरुस्ती तिच्या स्वतःच्या कारखान्यांत होई. गावच्या कारागिराचा हात तिला फारसा लागला नाही, म्हणून आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. ती मीटरगेज अकोल्यापर्यंत रुंद होण्यास 2008 साल उजाडले, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

खरे स्थित्यंतर रस्त्यावर घडले. 1930 मध्ये निजाम सरकारने आपल्या राज्यातील रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि जून 1932 मध्ये त्याच रेल्वे खात्याच्या आश्रयाने 27 गाड्या आणि 166 नोकरांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. प्रवासी वाहतूक सरकारी मालकीची करण्याचा हिंदुस्थानातील हा अगदी आरंभीचा प्रयोग. त्या ताफ्यात ग्लासगोच्या आल्बियन कंपनीच्या बसगाड्या होत्या. रेल्वेच्या शिस्तीत वाढलेले हे खाते असल्यामुळे गाडी मोडली म्हणजे दुरुस्त करावयाची, ही गावठी रीत सोडून गाडी मोडण्यापूर्वी ठरल्या मुदतीस उघडून पाहावयाची, ही नवी रीत मराठवाड्याच्या मोटार व्यवसायास प्रथम याच मार्गाने कळली असावी, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

त्या काळच्या गिअरपेटीत दात्यांची गती जुळवून घेणारे साधन नसे. ड्रायव्हरास क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा आवाज ओळखून, चक्रे एकमेकांत घालावी लागत. हात चुकला की दात करकरत आणि त्यांच्या कडा उडत. अशी पेटी उघडणाऱ्यास आरंभी तळाचे तेलच वाचावे लागे. त्यातील बारीक चकाकी ही सामान्य झीज, परंतु बोटास टोचणारा तुकडा म्हणजे कोठे तरी दाता तुटला किंवा बेअरिंगची गोळी फुटली. बेअरिंगे, सील आणि पॅकिंग या बदलण्याच्या वस्तू, तेथे काटकसर नाही; चक्रे आणि दांडे या तपासण्याच्या. पोलादी दात्याचा कठीण थर हा पृष्ठभागापुरताच असतो, आणि तो एकदा सोलला गेला की आतला मऊ गाभा काही मैलांत खचतो, म्हणून दात्याच्या कडेपेक्षा त्याच्या अंगावरचे टवके अधिक काळजीने पाहावे लागतात. चक्र सरकवणारा काटा झिजला असेल तर चालू गाडीत गिअर निसटतो, आणि मग नवीन चक्रे घालूनही तक्रार कायम राहते.

1948 च्या सप्टेंबरातील हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर निजामाचे हे मोटार वाहतूक खाते रेल्वेपासून सुटून हैदराबाद राज्य सरकारकडे आले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याचा वाटा मुंबई राज्यात गेला, आणि 1961 मध्ये तो महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळात विलीन झाला. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत ही आगारे परभणी विभागात मोडतात. आगार, विभागीय कार्यशाळा आणि चिकलठाण्यासारखी मध्यवर्ती कार्यशाळा अशी ही उतरंड आहे: आगारात बिघडलेली पेटी काढून तयार पेटी चढवावयाची, आणि काढलेली पेटी वरच्या कार्यशाळेत सवडीने उघडावयाची. या व्यवस्थेचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. ज्याच्या मागे प्रवाशांची रांग उभी नाही असाच कारागीर पेटीची नीट तपासणी करू शकतो.

आता ज्या पेटीत ड्रायव्हराचे हात आणि कान या दोन्हींची जागा तेलाने घेतली, तिच्याकडे वळू. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने 1905 मध्ये जहाजांच्या टर्बाइनांकरिता द्रवाच्या द्वारे शक्ती नेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मोटारीतला टॉर्क कन्व्हर्टर हा त्याचाच वंशज. 1939 मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक ही स्वयंचलित पेटी आणली, तीच महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांतही बसली, आणि युद्धोत्तर काळात शर्यतीच्या शौकिनांनी ती आपल्या गाड्यांत चढवली. 1964 ची टर्बो हायड्रामॅटिक 400 तर आजही त्या वर्तुळात आदराने उघडली-जोडली जाते. महाराष्ट्रासही द्रवचालित विद्या सर्वस्वी परकी नव्हती. रेल्वेचे अभियंते मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी शोधलेल्या, त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचारणयंत्रास 1962 चा भटनागर पुरस्कार लाभला, आणि पुण्याच्या हडपसरात किर्लोस्कर न्यूमॅटिकने रेल्वेच्या शंटिंग इंजिनांकरिता द्रवचालित यंत्रे घडवली. मात्र सामान्य माणसाच्या मोटारीत ही सोय फार उशिरा आली. 2001 पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्यास स्कोडाचा कारखाना गाड्या जोडू लागला आणि पुढे त्याच आवारात ऑडीही जोडल्या जाऊ लागल्या, त्यामुळे बलवान इंजिन आणि स्वयंचलित पेटी यांचा संयोग मराठवाड्याच्या रस्त्यांवर दिसू लागला. 2014 च्या सेलेरिओपासून स्वस्त गाडीतही क्लचचे पेडल नाहीसे झाले, जरी तिच्यातली पेटी मूळची हातचीच आणि क्लच दाबणारे व गिअर बदलणारे यंत्र तेवढे वेगळे.

टॉर्क कन्व्हर्टरची पेटी उघडणाऱ्याने पहिली नजर पुन्हा तेलावरच टाकावी. तांबूस तेल काळे पडून त्यास करपल्याचा वास येत असेल तर क्लचच्या घर्षणपट्ट्या जळाल्या. तळाच्या पॅनमधील लोहचुंबकावर काळसर राळ असेल तर ती सामान्य झीज, पण खवले, किंवा पॅनच्या तळाशी पितळेचे कण असतील तर बुश, वॉशर अथवा ग्रहचक्रे यांपैकी कोणी तरी गेले आहे. पेटी एकदा उघडली की फ्रिक्शन प्लेट, रबरी सील, ओ-रिंग, गॅस्केट, ड्रमवरच्या सीलिंग रिंगा आणि फिल्टर यांविषयी विचार करीत बसावयाचे नाही. ती सारी नवीच घालावयाची, आणि कोरड्या घर्षणपट्ट्या जोडण्यापूर्वी तेलात भिजत ठेवावयाच्या. स्टील प्लेट निळ्या पडल्या किंवा वाकल्या असतील तर त्याही बदलाव्यात. बुश स्वस्त असतात आणि म्हणूनच दुर्लक्षिले जातात. परंतु बुश झिजला की दांडा डुलतो, दांडा डुलला की नवी सील गळते आणि तेलाचा दाब उतरून नव्या प्लेट पुन्हा जळतात.

तपासावयाच्या वस्तूंत पहिला मान तेलपंपाचा. त्याच्या चक्रांतील फट आणि मुखपृष्ठावरचे ओरखडे पाहावेत, कारण पेटीतील प्रत्येक हालचाल त्याच्या दाबावर जगते. व्हॉल्व्ह बॉडीतील झडपा आपापल्या पोकळीत स्वतःच्या वजनाने सरकल्या पाहिजेत, आणि तिच्यातील छोट्या गोळ्या ज्या खड्ड्यातून निघाल्या त्याच खड्ड्यात परत गेल्या पाहिजेत. एकाच दिशेने फिरणारा क्लच उलटा बसवला तर गाडी जागची हलत नाही आणि सारी पेटी पुन्हा खाली उतरवावी लागते. प्रत्येक क्लच पॅक जोडल्यावर त्यातील मोकळीक फीलर गेजने, दांड्याची पुढेमागे होणारी हालचाल डायल गेजने मोजावी, आणि पेटी मिटण्यापूर्वी तेलाच्या वाटांत हवेचा दाब सोडून प्रत्येक क्लच दबतो का ते ऐकावे. धावेचे माप दोरीने घेणाऱ्या लोहाराचाच हा व्यवहार. मोजण्याचे साधन मात्र आता शतांश मिलिमीटर सांगते.

वेगवान गाडीचे प्रकरण येथे वेगळे होते. इंजिनाची शक्ती वाढवली असेल तर मूळच्याच प्रतीच्या प्लेट घालून भागत नाही. ड्रममध्ये जागा असेल तर प्लेटांची संख्या वाढवावी लागते, आत येणारा मुख्य दांडा अधिक कणखर पोलादाचा घ्यावा लागतो, आणि तेल थंड करणारा कूलर मोठा बसवावा लागतो, कारण या पेटीचा खरा शत्रू शक्ती नसून उष्णता आहे. मराठवाड्याच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा थंड देशातील पुस्तकात दिलेला कूलर पुरेल असे गृहीत धरणे धोक्याचे. टॉर्क कन्व्हर्टर सांधून बंद केलेला असतो; त्याच्या पोटात साचलेला गाळ बाहेरून धुऊन निघत नाही, म्हणून तो कापून नव्याने जोडणाऱ्याकडे द्यावा किंवा नवाच घ्यावा. तीच गत कूलरची आणि त्याच्या नळ्यांची. पेटी लखलखीत करून जुनाच कूलर जोडला तर पहिल्या दहा मिनिटांत जुना गाळ नव्या पेटीत उतरतो, आणि ग्राहक कारागिराच्या नावाने बोटे मोडतो.

पेटी चढवताना कन्व्हर्टर पंपाच्या चक्रात पूर्ण बसला आहे याची खात्री करून मगच बोल्ट आवळावेत. अर्धवट बसलेला कन्व्हर्टर बोल्टांच्या ताकदीने पंप फोडतो. बहुतेक पेट्यांत तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल तापल्यावर, सपाट जागी पाहावयाची असते, पण प्रत्येक निर्मात्याची रीत आणि तेलाची जात निराळी, म्हणून त्या गाडीचे पुस्तक समोर उघडे असावे. मग गाडी सावकाश काही शे किलोमीटर चालवावी, पॅन पुन्हा खाली घ्यावा आणि लोहचुंबकावर काय जमले आहे ते उजेडात धरून पाहावे.